कोकणासाठी कॅम्परव्हॅन भाड्याने घेताय? पैसे देण्याआधी गाडीचा नंबर मागा

साताऱ्यातून कॅम्परव्हॅन घेऊन कोकण किनारा फिरायचा बेत बरेच जण आखताहेत, म्हणून घडलेलं सगळं सविस्तर लिहितोय.

आमचा रस्ता ठरलेला होता. उंब्रजवरून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, मग गुहागर. तवसाळ-जयगड फेरीबोटीने खाडी ओलांडून गणपतीपुळे, रत्नागिरी आणि पुढे सागरी महामार्गाने थेट वेंगुर्ला, रेडीपर्यंत. आईला गुडघ्यांचा त्रास, मुलं लहान, त्यामुळे गाडीतच आडवं होता आलं तर बरं, एवढीच अपेक्षा.

गाडीवाल्याने पाठवलेल्या फोटोंत नंबरप्लेटवर स्टिकर होता. नंबर विचारला तर म्हणाला, "दादा, तीन गाड्या आहेत, जी मोकळी असेल ती देतो." भाडं आणि डिपॉझिट मिळून सगळी रक्कम आधीच यूपीआयवर घेतली. गाडी मात्र ऑफिसवर दिली नाही, उंब्रजजवळ हायवेला पेट्रोल पंपावर आणून दिली. पांढरी प्लेट. मी विचारलं तेव्हा हसत म्हणाला, "काही होत नाही. पोलिसांनी हात केलाच तर पाहुण्यांची गाडी म्हणून सांगा."

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. पैसे घेऊन गाडी द्यायची, आणि खोटं बोलायची जबाबदारी आईला-मुलांना घेऊन निघालेल्या माणसावर टाकायची.

जयगडच्या बोटीसाठी रांगेत उभे असताना शेजारच्या टुरिस्ट गाडीच्या ड्रायव्हरने आमच्या गाडीचा नंबर सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये टाकून दाखवला. नोंद 'ओम्नी बस, खासगी वापर' अशी. विम्याची मुदत संपलेली. आत बसवलेला पलंग, शेगडी, घरगुती लाल सिलिंडर, यातल्या कशाचाच कागदावर पत्ता नाही. खऱ्या कॅम्परव्हॅनच्या आरसीवर 'मोटर कॅरॅव्हॅन' असा वर्ग असतो. कुंभार्लीसारखा वळणांचा घाट आम्ही विम्याशिवाय उतरलो होतो, हे तेव्हा कळलं. आई बराच वेळ काही बोललीच नाही.

प्लेटचा हिशोब लक्षात ठेवा. पांढरी प्लेट खासगी गाडीची. ड्रायव्हरसह भाड्याने मिळणारी गाडी पिवळ्या प्लेटवर काळ्या अक्षरांची, आणि स्वतः चालवायला मिळणारी काळ्या प्लेटवर पिवळ्या अक्षरांची. भाड्याने द्यायच्या गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परवाना लागतो. खासगी गाडीचा विमा चालू असला तरी ती भाड्याने फिरत होती म्हटल्यावर कंपनी दावा नाकारू शकते. अपघात झाला तर भरपाईचा बोजा घरावर येतो.

आम्ही मालवणचा बेत सोडला, रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरला चढलो आणि घरी आलो. गाडी परत घेताना त्याने मागच्या दाराचे ओरखडे दाखवून डिपॉझिट ठेवून घेतलं. ते ओरखडे गाडी ताब्यात घेताना मी काढलेल्या व्हिडिओत स्पष्ट दिसतात. व्हिडिओ पाठवल्यावर सूर बदलला. "अर्धे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका." पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन लागतो तो देताना. बायकोने तिथल्या तिथे फोन बंद करायला लावला.

अशा प्रकारे खात्यातून पैसे गेलेच, तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पसरत जाते. भाडं आणि डिपॉझिटचा वाद मात्र ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे गाडीवाला पुण्याचा असो की मुंबईचा, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मी साताऱ्यात तक्रार दिली आहे. व्हिडिओ, यूपीआयच्या पावत्या, ॲपमधला नोंदीचा स्क्रीनशॉट आणि "पाहुण्यांची गाडी म्हणा" हाच सल्ला पुन्हा देणारा त्याचा व्हॉइस मेसेज, सगळं सोबत जोडलं आहे.

असंच कोणाचं डिपॉझिट अडकलं असेल तर चॅट डिलीट करू नका. तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते.