नाशिकहून जपानची सहकुटुंब सहल: आखणी चोख, संध्याकाळी मात्र वाया

नाशिकमधील एका सहल आयोजकाबरोबर आम्ही टोकियो, क्योटो, नारा, हिरोशिमा आणि ओसाका ही शहरे सहकुटुंब पाहून आलो. गटात माझ्या सासूबाईंसारखे पूर्ण शाकाहारी ज्येष्ठ होते, अंडी-मासे खाणारी मधली पिढी होती आणि शाळकरी मुलेही होती. गंगापूर रोड किंवा इंदिरानगरमधून निघणारा कोणताही गट साधारण असाच असतो. प्रवास, मुक्काम आणि स्थळदर्शन या तिन्ही बाबतींत आयोजकांचे काम उत्तम आहे, हे मी निःसंकोच सांगेन. मात्र जपानी शहरांचा जो भाग ठेल्यासमोर किंवा छोट्या दुकानाच्या दारात उभे राहून अनुभवायचा असतो, तो या सहलीत जवळजवळ पूर्णपणे हुकतो, आणि माहितीपत्रकात सर्वांत ठळक छापलेली ‘रोज भारतीय शाकाहारी जेवण’ ही हमीच त्याला कारणीभूत आहे.

आधी चांगल्या गोष्टी लिहिते, कारण त्या खरोखर चांगल्या आहेत. जपानने भारतीय पर्यटकांसाठी 2024 पासून ई-व्हिसा सुरू केला असून तो विमानतळावर इंटरनेट चालू ठेवून फोनवरच दाखवावा लागतो, त्याचे केवळ टिपलेले छायाचित्र (स्क्रीनशॉट) चालत नाही. ही बाब आयोजकांनी निघण्याआधीच्या बैठकीत ज्येष्ठांना प्रत्यक्ष फोन हातात घेऊन समजावून दिली. टोकियोहून क्योटोला जाताना मोठ्या बॅगा सामान पोहोचवणाऱ्या सेवेमार्फत आदल्या दिवशीच हॉटेलवर रवाना केल्या होत्या, त्यामुळे शिंकान्सेन या अतिवेगवान गाडीत आम्ही हातातल्या पिशव्या घेऊन निवांत चढलो. या मार्गावर लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज 160 सेंटिमीटरच्या वर जाणाऱ्या बॅगेसाठी खास आसन आधी राखून ठेवावे लागते, आणि दिवाळीच्या खरेदीची जागा धरून भरलेली आपली घरगुती बॅग ही मर्यादा सहज ओलांडते. गाडीत आसनेही उजव्या बाजूची घेतली होती. 3,776 मीटर उंचीचा फुजी पर्वत क्योटोकडे जाताना त्याच बाजूने दिसतो.

तिकिटांच्या बाबतीतही विचार केलेला दिसला. परदेशी पर्यटकांचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 येनवरून थेट 50,000 येनवर गेला. आमच्यासारख्या मार्गासाठी सुटी तिकिटे त्याहून स्वस्त पडतात, आणि आयोजकांनी पास माथी न मारता सुटी तिकिटेच काढली होती.

स्थळदर्शनात घाई नव्हती. क्योटोतील फुशिमी इनारी या तांदळाच्या देवतेच्या डोंगरावर सुमारे दहा हजार केशरी तोरणद्वारे आहेत. तेथे आम्हाला भल्या पहाटे नेले, त्यामुळे भाविकांनी अर्पण केलेल्या त्या कमानींखालून गर्दीविना चालता आले. टोकियोच्या असाकुसा भागातील सेन्सो-जी मंदिर पाहून झाल्यावर स्थानिक मार्गदर्शक बाईंनी कार्यक्रमात नसलेले मात्सुचियामा शोदेन हे जवळचे मंदिर दाखवले. तेथे गणपतीचे बौद्ध रूप असलेल्या कांगितेनची उपासना होते. मूर्ती दर्शनासाठी खुली नसते आणि भाविक देवाला पांढरा मुळा वाहतात. दूर्वा-मोदकांची सवय असलेल्या सासूबाईंनी तेथे मनोभावे मुळा वाहिला. नारा येथे तोदाइ-जी मंदिरातील सुमारे 15 मीटर उंचीच्या कांस्य बुद्धापुढे उभे असताना याच बाईंनी सांगितले, की 752 मध्ये या मूर्तीच्या नेत्रोन्मीलनाचा विधी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाला होता. नाशिकच्या पांडवलेणी या बौद्ध लेण्यांच्या पायऱ्या लहानपणापासून चढलेल्या आमच्या मुलांनी त्यावर पुष्कळ प्रश्न विचारले, आणि बाईंनी एकाही प्रश्नाला टाळाटाळ केली नाही.

आता जेवणाविषयी. दररोज संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमारास बस येते आणि गटाला एखाद्या भारतीय उपाहारगृहात घेऊन जाते. तेथे पनीरची भाजी, डाळ, नान आणि भात मिळतो. जेवण वाईट नसते, ज्येष्ठांना त्याचा आधारही वाटतो. परंतु ओसाकातील दोतोनबोरी ही कालव्याकाठची खाऊगल्ली खरी जागी होते ती याच वेळी. कालव्याच्या दोन्ही काठांवर दिव्यांच्या पाट्या उजळतात, तव्यांवर ओकोनोमियाकी, म्हणजे कोबी घातलेली जाड धिरडी, उलटली जाऊ लागते, आणि नेमक्या त्या क्षणी आमच्या गटाला बसकडे चला म्हणून बोलावले गेले. हिरोशिमातही हेच झाले. शांती स्मारक संग्रहालयातून जड मनाने बाहेर पडल्यावर त्या शहराने पुन्हा उभे केलेले रोजचे जीवन पाहण्याची फार गरज होती. पातळ धिरड्यावर कोबी, नूडल्स आणि अंडे असे थर रचून बनणारी तेथील ओकोनोमियाकी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर तव्यावर तयार होते. त्या तव्याशेजारी बसण्याऐवजी आम्ही पुन्हा पनीर खाल्ले.

आयोजकांची भीती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी हे पाणी असते, आणि ते बहुतेक वेळा कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाबरोबर बोनिटो माशाच्या वाळवलेल्या कापांपासून काढतात. त्यामुळे टोफूचे सूप, भाज्यांची उकड, ओकोनोमियाकीचे पीठ अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थांतही मासा असू शकतो. तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरलेली इनारी-झुशी दिसायला पूर्ण शाकाहारी असते, पण ती पिशवीही बहुधा दाशीतच शिजवलेली असते. मात्र या अडचणीवर उपाय आहे तो विचारून खाण्याचा, आणि ते विचारणारा माणूस पुरवणे हेच तर सहल आयोजकाचे काम आहे.

क्योटोच्या मोकळ्या दुपारी आम्ही त्याच मार्गदर्शक बाईंना सोबत घेऊन निशिकी बाजारात गेलो, तेव्हा किती काही खाता येते ते कळले. साधारण 400 मीटर लांबीच्या त्या छपराच्या गल्लीत त्या प्रत्येक दुकानात दाशीबद्दल आणि अंड्याबद्दल विचारत होत्या. सासूबाईंनी लाल चवळीसारख्या अझुकीच्या गोड पुरणाची दांगो, म्हणजे तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे, खाल्ली, हरभऱ्याच्या नव्हे तर भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात घोळवलेला वाराबी-मोची हा थरथरणारा जेलीसारखा गोड पदार्थ खाल्ला, भट्टीत भाजलेले रताळे खाल्ले. त्या मंद आचेवरच्या रताळ्याला पाकाची गरज नसते, आणि उपवासाच्या रताळ्यांत मुरलेल्या आमच्या घरातही त्याची वाहवा झाली. मुलांनी ताकोयाकी मागितली. आप्पेपात्रासारख्या खोलगट साच्यात, दोन टोकदार सळयांनी भराभर गोल फिरवत भाजलेल्या या गोळ्यांत ऑक्टोपसचा तुकडा असतो, आणि हा पदार्थ 1930 च्या दशकात ओसाकात रूढ झाला. बाहेरून खरपूस, आतून जवळजवळ वाहता आणि अतिशय गरम असल्यामुळे लहान मुलांना तो फोडून, निववून द्यावा.

निशिकीत चालत खाऊ नये, असा संकेत आहे. दुकानासमोर उभे राहून खायचे, काडी आणि कागद त्याच दुकानात परत द्यायचा, कारण रस्त्यावर कचराकुंड्या फार कमी असतात. आमच्या मुलांनी हे एका दुकानात शिकून पुढे सगळीकडे पाळले.

सर्वांत मोठी हुकलेली संधी क्योटोच्या आराशियामा भागातली. बांबूच्या बनाला लागूनच तेन्र्यू-जी हे झेन मंदिर आहे आणि त्याच्या आवारात दुपारी शोजिन ऱ्योरी, म्हणजे भिक्षूंच्या परंपरेतील जेवण, मिळते. त्यात मांस-मासे नसतातच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चातुर्मास पाळणाऱ्या आमच्या ज्येष्ठांसाठी संपूर्ण जपानमध्ये याहून योग्य ताट शोधून सापडले नसते. आम्ही त्या मंदिराची बाग पाहिली, आणि मग बसने थाळी खायला शहरात परतलो.

हे सर्व मी आयोजकांना लेखी कळवले आहे. त्यांनी ऐकून घेतले, परंतु पुढील सहलीच्या कार्यक्रमात अद्याप बदल दिसत नाही. नावनोंदणी करणाऱ्यांनी दोन गोष्टी ठामपणे मागाव्यात. ओसाका आणि हिरोशिमा येथील रात्रीचे जेवण शुल्कातून वगळून घ्यावे आणि त्या संध्याकाळी जपानी बोलणारा मार्गदर्शक सोबत मिळावा, तसेच आराशियामाच्या दिवशीचे दुपारचे जेवण तेन्र्यू-जीमध्ये आधी राखून ठेवावे. ज्येष्ठांपैकी ज्यांना भारतीय जेवणच हवे असेल, त्यांच्यासाठी बस जाऊ द्यावी, त्याला कोणाची हरकत नसावी. तारखा निवडताना एप्रिलच्या शेवटापासून 5 मेपर्यंतचा काळ टाळावा, कारण तेव्हा जपानमध्ये सलग सुट्ट्या असतात, गाड्या भरून जातात आणि हॉटेलांचे दरही वाढलेले असतात. आपल्या शाळांची सुट्टी त्यानंतरही चालू असते, म्हणून मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात निघणारा गट मागून घ्यावा.