एमएम-एमसीचा स्विच होता, पण त्यामागे काहीच नव्हतं

रेकॉर्ड ऐकायचा नाद आहे पण वायरींमधलं फारसं कळत नाही, अशा माझ्यासारख्यांसाठी हे लिहितोय. माझे पंचवीस हजार गेले, वर एक धडधाकट कार्ट्रिजही (सुई बसवलेला, रेकॉर्डवरून आवाज उचलणारा भाग) गेलं.

माझ्याकडे शुअरचं एम ९७ एक्सई होतं. उजवा चॅनेल मधूनच जायचा, म्हणून दुकानात नेलं. दुकानदाराने भिंगातून सुई पाहिल्यासारखं केलं. "काका, याचा जीव गेला. शुअरने कार्ट्रिज बनवणंच बंद केलंय, सुई कुठून आणणार?" शुअरने २०१८ मध्ये हे काम सोडलं हे खरंच होतं, त्यामुळे मला त्याचं बाकीचंही खरं वाटलं. दुसऱ्या कंपन्या त्याच्या सुया बनवतात, हे त्याने सांगितलं नाही. जुन्याचे पाचशे वळते करून डेनॉनचं डीएल-१०३ दिलं, अठरा हजारांना. "रेडिओ स्टेशनचा माल आहे. तुमच्या अँपला सरळ लागेल."

घरी येऊन भीमसेनांची एलपी लावली. नॉब पार शेवटापर्यंत नेला तरी बुवा शेजारच्या बिऱ्हाडात गातायत असं वाटावं, आणि वरून घूंऽऽ चालूच. फोन केला तर म्हणतो, "अहो, एमसी आहे ना ते, त्याला वेगळा फोनो स्टेज लागतो." एमसी म्हणजे मूव्हिंग कॉइल, त्याचा सिग्नल फार बारीक; माझं शुअर एमएमचं, म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट. फोनो स्टेज हा सिग्नल वाढवून अँपला देतो. म्हणजे 'सरळ लागेल' दोन दिवसांत संपलं. साडेसात हजारांची एक काळी डबी दिली, तिच्यावर एमएम-एमसीचा स्विच. आता आवाज मोठा झाला, पण तानपुऱ्याचा खर्ज गायब, प्रत्येक 'स' कानात टोचणारा, आणि साधा ओरखडा लवंगीसारखा फुटायचा. "चार दिवस वाजवा, मोकळं होईल." मी मूर्खासारखा तीन आठवडे वाजवत बसलो.

शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने आधी पाटीवर मांडावं तसा हिशोब सांगितला. शुअर साधारण ४ मिलिव्होल्ट देतं, डेनॉन ०.३. अँपचा फोनो सॉकेट एमएमसाठी असतो, तो सिग्नल साधारण शंभरपट करतो, म्हणजे ४० डीबी. शुअरचे ४०० मिलिव्होल्ट होतात, डेनॉनचे जेमतेम ३०. एमसीला हजारपट लागतं, ६० डीबी. शिवाय डीएल-१०३ला जड आर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) हवा, माझा हलका. म्हणजे मुळात जोडीच चुकली होती.

मग त्याने डबी उघडली. आत आठ पायांची एक आयसी, दोन-चार रेझिस्टर. "हा माइकचा प्रीअँप आहे, साहेब." रेकॉर्ड कापताना खालचे सूर दाबतात आणि वरचे चढवतात, दोन्ही टोकांना सुमारे २० डीबी. फोनो स्टेजने ते उलटं करून सरळ करायचं असतं. त्याला आरआयएए म्हणतात. या डबीत त्यासाठीचं सर्किटच नव्हतं. स्विच मात्र सुंदर खटखट वाजायचा. उलटा करून दाखवला तर पाय चकचकीत, एकालाही सोल्डर लागलेलं नव्हतं.

हे मला दुकानात, न उघडताही कळलं असतं. एमएमवरून एमसीवर टाकलं की आवाज उडी मारून चढायला हवा. माझा जागचा हलला नव्हता, आणि मला वाटलं माझेच कान गेले. (स्विच टाकण्यापूर्वी व्हॉल्यूम खाली घ्या, नाहीतर स्पीकर जाईल.) कार्ट्रिज घेताना त्याचे मिलिव्होल्ट विचारा आणि स्वतःच्या अँपवर, स्वतःची रेकॉर्ड लावून ऐका. पक्कं बिल घ्या. मी 'कच्च्यात दोन हजार कमी'ला भुललो.

शुअरचा चॅनेल का जायचा, तेही म्हाताऱ्याने तिथेच सांगितलं. हेडशेलमधल्या, म्हणजे आर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसतं त्या खोबणीतल्या, लाल वायरीची क्लिप सैल होती, ती त्याने चिमट्याने दाबून दिली.

डबी परत करायला गेलो तर दुकानदार म्हणाला, बिल दाखवा. काउंटरच्या काचेखाली एक शुअर मांडलं होतं, 'तपासलेलं, उत्तम', नऊ हजार. लाल पिनेशेजारी गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका होता. वायर चुकू नये म्हणून मुलीच्या बाटलीतलं मीच लावलं होतं.