पासपोर्ट आला आणि मी स्पेसबार दाबून पुढे गेलो: मॅनेजर गेममधल्या नागरिकत्वाचा रिव्ह्यू

फुटबॉल मॅनेजर टाइपच्या, म्हणजे मॅनेजर होऊन टीम चालवायच्या गेमचा रिव्ह्यू म्हटलं की सगळे मॅच इंजिन, टॅक्टिक्स, ट्रान्सफर यावरच घसरतात. मी आज फक्त एका कोपऱ्याबद्दल लिहिणारे, परदेशी खेळाडू काही वर्षं एका देशात राहिला की त्याला तिथलं नागरिकत्व मिळतं ना, तो भाग. गेमचं नाव घेत नाही, कित्येक वर्षं खेळतोय आणि थोडं वाईट पण बोलणारे, त्यामुळे राहू दे.

ज्यांनी इंग्लंड सोडून बाहेर कधी सेव्ह, म्हणजे नवा डाव, चालू केला नाही त्यांना वाटेल हे काय एवढं. स्पेनमधली टीम घेऊन बघा मग. ला लीगात, म्हणजे स्पेनच्या मुख्य लीगमध्ये, युरोपियन युनियनबाहेरचे तीनच खेळाडू रजिस्टर करता येतात, म्हणजे स्काउटने ब्राझीलमधून हिरा शोधून आणला तरी तीन जागा भरल्या असतील तर तो हिरा स्टँडमध्ये बसून मॅच बघणार आणि पगार मात्र पूर्ण घेणार. इथे पासपोर्ट कामाला येतो. स्पेनच्या खऱ्या कायद्यात साधारण परदेशी माणसाला नागरिकत्वासाठी १० वर्षं राहावं लागतं, पण ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे, कोलंबिया वगैरे देशांतल्या लोकांना फक्त २. मी खेळतो त्या गेमने हा फरक बरोबर पकडलाय आणि मला तो फार आवडतो, कारण मग ट्रान्सफर मार्केटमध्ये तुम्ही नुसतं स्किल बघत नाही, जन्म कुठला तेही बघता. सारख्याच दर्जाचे दोन विंगर असतील, एक अर्जेंटिनाचा आणि एक जपानचा, तर डोळे झाकून अर्जेंटिनावाला घ्यायचा, दोन वर्षांत जागा मोकळी.

मी असं न करता जपानी घेतला. त्याच्याकडे नंतर येतो.

आता माझा बावळटपणा सांगतो. १९ वर्षांचा ब्राझिलियन मिडफिल्डर घेतला, तिसरी जागा त्याला दिली, पहिल्या टीममध्ये खेळवण्याइतका तयार नव्हता म्हणून वर्षभर पोर्तुगालमधल्या क्लबला लोनवर, म्हणजे उसना दिला, आणि मनात हिशोब चालू की दोन सीझन झाले की हा स्पॅनिश. दोन सीझन झाले, काहीच नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की राहणं म्हणजे त्या देशात राहणं, लोनवर बाहेर गेला की घड्याळ थांबलं. चूक माझीच, पण लोनला पाठवताना एक ओळ दाखवायला काय जातं राव, की याने नागरिकत्व लांबेल म्हणून? बाकी फालतू गोष्टींना दहा पॉपअप येतात.

बरं शेवटी पासपोर्ट आला तोही ऑक्टोबरमध्ये, रजिस्ट्रेशन बंद झाल्यावर. आणि तो मेसेज मी वाचलाच नाही, इनबॉक्समध्ये पत्रकार परिषद, ट्रेनिंग रिपोर्ट, कोणाच्या तरी पोटरीची दुखापत, या सगळ्यात स्पेसबार दाबत दाबत पुढे. जानेवारीत रजिस्ट्रेशनची विंडो परत उघडली, ती पण अशीच गेली. फेब्रुवारीत सहज प्रोफाइल उघडलं तर नावाशेजारी दोन झेंडे!

गेम एका बाबतीत मात्र जास्तच दयाळू आहे, मुदत भरली की नागरिकत्व आपोआप. खऱ्या स्पेनमध्ये दोन वर्षं झाली की अर्ज करायचा, राज्यघटना आणि संस्कृतीवरची परीक्षा द्यायची, ब्राझीलवाल्यांना वर स्पॅनिश भाषेची पण, आणि मग फाईल हलायची वाट बघत बसायचं. ब्राझीलचा व्हिनिशियस ज्युनिअर २०१८ ला रेआल माद्रिदला आला आणि त्याला नागरिकत्व मिळालं २०२२ ला. गेममध्ये तो २०२० लाच स्पॅनिश झाला असता. आणि उरुग्वेच्या स्ट्रायकर सुआरेझचं प्रकरण आठवा, २०२० मध्ये इटलीतल्या युव्हेंटस क्लबला जायच्या चर्चा चालू होत्या, बायकोच्या इटालियन नात्यावर पासपोर्ट मिळणार होता, पण त्यासाठी पेरुजाला जाऊन इटालियनची परीक्षा द्यायला लागली, मग त्या परीक्षेचीच चौकशी लागली आणि भाऊ गेला अ‍ॅटलेटिकोला. असला मसाला गेममध्ये अजिबात नाही. ट्रान्सफर अडकलीये कारण स्ट्रायकर व्याकरणात कच्चा आहे, अशी बातमी आली तर मी गेमचे दुप्पट पैसे देईन.

वंशाचं पण तसंच. माटेओ रेटेगी अर्जेंटिनात जन्मला, इटलीत कधी राहिला नव्हता, आईकडच्या आजोबांमुळे इटालियन ठरला आणि २०२३ ला थेट इटलीकडून इंग्लंडविरुद्ध गोल. गेममध्ये डेटाबेसमध्ये जे आधीपासून लिहिलंय तेवढंच, सेव्हच्या मध्यावर कोणाचे आजोबा अचानक सापडलेत असं माझ्याकडे तरी कधी झालं नाही.

नवीन लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ नॅशनल टीमवरून होतो. पासपोर्ट मिळाला म्हणजे लगेच त्या देशाकडून खेळता येतं असं नाही. त्या देशात जन्म नाही, आईवडील किंवा आजीआजोबा तिथले नाहीत, तर फिफाच्या नियमाने १८ व्या वर्षानंतर तिथे आलेल्याला ५ वर्षं राहिलेलं लागतं. म्हणजे माझा ब्राझिलियन दोन वर्षांनी लीगसाठी स्पॅनिश, पण स्पेनच्या टीमसाठी परकाच. आणि एकदा एका देशाकडून खेळला की बदलणं अवघड. स्पेनमध्ये जन्मलेला, मोरोक्कन वंशाचा मुनीर बिचारा २०१४ ला स्पेनकडून एका क्वालिफायरमध्ये थोडा वेळ उतरला आणि त्या काही मिनिटांपायी मोरोक्कोसाठी कित्येक वर्षं अडकला. २०२० ला फिफाने नियम सैल केला, २१ व्या वर्षाआधी जास्तीत जास्त तीन स्पर्धात्मक मॅच आणि मधे तीन वर्षांचं अंतर वगैरे अटी घालून, आणि २०२१ ला कुठे तो सुटला.

होमग्रोन, म्हणजे देशातच तयार झालेला खेळाडू, हा अजून वेगळा विषय, त्याचा पासपोर्टशी संबंधच नाही, १५ ते २१ या वयात तीन सीझन कुठे ट्रेनिंग घेतलं एवढंच बघतात. इंग्लंडमध्ये तर ब्रेक्झिटनंतर युरोपियन पासपोर्टचा पूर्वीसारखा उपयोगच उरला नाही, त्यामुळे पासपोर्ट मिळेपर्यंत पोराला बेल्जियममध्ये मुरवून आणायची जुनी ट्रिक तिथे आता विसरा.

स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेतीन, अर्धा इनबॉक्समुळे कापला.

हां, तो जपानी विंगर. २३ व्या वर्षी आणला, आता २९ चा आहे, सहा सीझन झाले आणि अजूनही युनियनबाहेरची एक जागा अडवून बसलाय. दरवर्षी ठरवतो की या वर्षी विकायचा आणि दरवर्षी तो मार्चमध्ये चार गोल करतो. जूनमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपतंय, पासपोर्टला अजून चार वर्षं आहेत, आणि एजंटने काल पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट मागितलंय.