सागाची जुनी खिडकी की अ‍ॅल्युमिनियमची सरकती?
खानदेशातल्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात हा प्रश्न हमखास निघतो. सरकती खिडकी झटपट बसते, वाळवीची भीती नाही, रंगाचा खर्च नाही. पण दोन रुळांची असली तर एका वेळी निम्मीच उघडते, आणि जळगावच्या ४५ अंशांत तिच्या चौकटीला हात लावून बघा! शिवाय जुनी चौकट उपटताना मातीची भिंत ढासळते, ते काम वेगळंच.

सागाचं दुखणं बहुतेक चौकटीच्या खालच्या लाकडात. पाणी तिथेच मुरतं. कुजलेला तेवढाच भाग कापून जुन्या सागाचा जोड द्यायचा, बिजागऱ्यांचे स्क्रू बदलायचे. पावसाळ्यात झडप फुगून अडकली तर लगेच रंधा मारू नका; दिवाळीनंतर सुकली की बऱ्याचदा आपोआप सैल होते. चौकटच वाळवीने पोखरली असेल, तर मात्र मी सरकतीच घेईन.