गाडी थरथरते, पण एक्सलेटर दिल्यावर की ब्रेक मारल्यावर?

गाडी हलते म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला, चाकांचं बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) करून घे. मी पण केलं, एकदा नाही दोनदा, आणि गाडी आपली तशीच. शेवटी निघालं काय, तर उजव्या बाजूचा आतला सीव्ही जॉइंट (गिअरबॉक्सकडून चाकाकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टचा सांधा; आतला गिअरबॉक्सकडे, बाहेरचा चाकाकडे). गॅरेजवाल्याचं चुकलं खरं पण अर्धी चूक माझी, कारण मी जाऊन नुसतं "व्हायब्रेशन येतंय" एवढंच सांगितलं, कधी येतंय ते ना त्याने विचारलं ना मी बोललो.

म्हणून पार्ट बदलायच्या आधी एवढं बघा: पाय एक्सलेटरवर असताना हलते, ब्रेकवर असताना हलते, की दोन्ही सोडलं तरी हलते.

दोन्ही सोडलं तरी हलत असेल, म्हणजे 80 ते 110 च्या आसपास स्टेअरिंग थरथरतं आणि त्याच्या खाली-वर कमी होतं, तर हां, मग ते बॅलन्सिंग. किंवा रिम वाकलेली, टायरला फुगा आलेला, रिमच्या आतून चिखल वाळून बसलेला. हे चेक करणं सगळ्यात सोपं, म्हणून सगळे इथूनच सुरुवात करतात. पण थरथर फक्त पॅडल दाबल्यावरच येत असेल तर बॅलन्सिंगवर पैसे घालू नका, बॅलन्स बिघडलेल्या चाकाला तुमचा पाय कुठे आहे ते कळत नाही.

आता एक्सलेटरवाली थरथर. आधी गाडी उभी करून न्यूट्रलला रेस करा. उभ्या उभ्याच हलली तर इंजिन किंवा माउंटिंग (इंजिनखालचे रबरी आधार) बघायचं, प्लग, कॉइल वगैरे. मिसिंग करत असेल (एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल) आणि चेक इंजिनची लाइट ब्लिंक होत असेल तर तशीच चालवत राहू नका, न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या लाइनमधला धूर साफ करणारा भाग) जातं आणि तो खराब झाला की खर्च भलतीकडेच जातो. उभी असताना ठीक, पण फर्स्टला किंवा रिव्हर्सला क्लच सोडतानाच हादरते, तर क्लच. आणि चालत्या गाडीत, चढावर, माणसं भरलेली असताना 40-60 च्या वेगाला एक्सलेटर दाबला की पुढचा भाग डावीकडे-उजवीकडे असा झुलल्यासारखा थरथरतो आणि पाय उचलला की त्याच क्षणी एकदम शांत, तर तो आतला सीव्ही जॉइंट. माझं अगदी हेच होतं. लोक बाहेरच्या जॉइंटबरोबर गल्लत करतात, पण बाहेरचा गेला की फुल स्टेअरिंग फिरवून वळताना कट-कट वाजतो, आतला वाजत नाही, तो लोड आला की हलवतो. खाली वाकून जॉइंटवरचा रबरी बूट (ग्रीस आत धरून ठेवणारं कव्हर) बघा, फाटला असेल आणि आजूबाजूला काळं ग्रीस उडालेलं असेल तर जवळजवळ उत्तर मिळालंच. बूट धड असला म्हणून जॉइंट चांगला असं मात्र नाही, माझा बूट धडच होता.

ब्रेकवाली थरथर वेगळी ओळखू येते, पॅडल पायाखाली धडधडतं. स्टेअरिंग पण हललं तर बहुतेक पुढच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणारी, ब्रेक जिला पकडतो ती लोखंडी चकती), सीट जास्त हलली तर मागची बाजू. (एकदम जोरात दाबल्यावर पॅडल करकर करत थरथरतं ते एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, तो फॉल्ट नाही.) मेकॅनिक म्हणेल डिस्क वाकली. बऱ्याचदा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, आणि त्याला दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरक पण पुरतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी.

इथे निर्णय असतो की लेथवर मारायची (घासून सपाट करायची) की नवीन टाकायची. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, मारून झाल्यावर त्याच्या वर राहत असेल तर मारा, नाहीतर सरळ जोडी बदला, एकच बाजू नको. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचं म्हणजे हबवरचा (डिस्क जिथे बसते त्या भागावरचा) गंज घासून काढला का आणि कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना मोकळ्या आहेत का. हब तसाच ठेवून नवी डिस्क बसवली तर ती किंचित तिरकी बसते, आणि काही हजार किलोमीटरनंतर तीच धडधड परत. पिन जाम असेल तर ओळखायला सोपं, फिरून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या (लावू नका), एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथेच बघा.

एक्सलेटरला पण आणि ब्रेकला पण असं दोन्हीकडे होत असेल तर मी डिस्क, जॉइंट सगळं बाजूला ठेवून आधी लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश बघेन. ब्रेक मारला की चाक मागे ओढलं जातं, फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत एक्सलेटर दिला की पुढे, आणि बुश सैल असला की दोन्ही वेळेला चाकाला हलायला जागा मिळते. सोबत हळू वेगात ब्रेक लावताना एकदाच 'टक' असा आवाज येतो बऱ्याचदा.

ट्रायलला मेकॅनिकलाच चालवायला द्या आणि तुम्ही शेजारी बसून सांगा, आता दाबा, आता सोडा. दहा मिनिटांत कळतं.

आणि थरथर टायर काढून-लावून आणल्यावर लगेच सुरू झाली असेल तर वरचं काहीच करत बसू नका, आहे तिथे गाडी बाजूला घ्या आणि आधी चाकाचे नट सैल आहेत का ते बघा.