बोटीच्या ट्रॉलीचं बेरिंग, सिल्वर पेंट आणि आमचे बावीस हजार

नागपुरात बोटीची ट्रॉली असणारे लोक किती? शोधून मूठभर. त्यामुळे ती दुरुस्त करणारा खास मिस्त्री असा इथे नाहीच. ट्रॅक्टरवाले, ट्रकवाले, वेल्डिंगवाले हेच ते काम करतात, आणि त्यात चांगले लोकही आहेत. पण गिऱ्हाइकाला यातलं काही कळत नाही हे एकदा ओळखलं की काही जण कसे लुटतात, ते आमच्या बाबतीत झालं म्हणून लिहितोय.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्यानंतर आमच्या मित्रमंडळानं एक जुनी फायबरची बोट ट्रॉलीसकट विकत घेतली. वर्षभर ती शेडमध्ये उभी असते. पावसाळ्याआधी परवानगी काढून रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर सरावाला नेतो, एवढंच तिचं फिरणं.

‘उभ्या गाडीचं काय बिघडतं’ असं सगळेच म्हणतात. बोटीच्या ट्रॉलीचं बिघडतं. रस्त्यानं पळून हब, म्हणजे चाकाचा बेरिंग बसवलेला मधला भाग, तापलेला असतो आणि आपण पोचल्या पोचल्या बोट उतरवायला तो पाण्यात घालतो. हब एकदम थंड पडतो, आतली हवा आकसते आणि ऑइल सीलच्या, म्हणजे ग्रीस आत धरून ठेवणाऱ्या रबरी कडीच्या, कडेनं पाणी आत ओढलं जातं. मग ती ट्रॉली महिनोन्‌महिने उभी. बेरिंगचा रोलर जिथे टेकलेला असतो तिथेच गंज धरतो आणि खड्डे पडतात. तलावाचं पाणी गोडं आहे म्हणून हे चुकत नाही. तलावावर पोचल्यावर हब हाताला गार लागेपर्यंत थांबायचं आणि वर्षातून एकदा हब उघडून ग्रीस बदलायचं, एवढं केलं तरी बेरिंग बरीच वर्षं चालतं.

आम्ही ट्रॉली याच कामासाठी वाडीच्या एका गॅरेजात दिली. बोलायला माणूस एकदम गोड. ‘दादा, तुम्ही काहून टेन्शन घेता? आधी चहा घ्या, तोवर मी हब खोलून ठेवतो.’ चहा घेऊन आलो तर वर्तमानपत्रावर एक बेरिंग मांडून ठेवलेलं. रोलर काळेनिळे, कपाला, म्हणजे बाहेरच्या कड्याला, खड्डे. ‘पहा, हे असं चाललं होतं तुमचं. मनसरच्या अलीकडेच चाक निघून गेलं असतं.’ मी त्याचा मोबाइलवर फोटो काढला, मंडळाच्या ग्रुपवर टाकायला. मग एक्सलवर नख घासून म्हणाला, ‘गंज आतपर्यंत गेला आहे. पूर्ण फ्रेम हॉट डिप गॅल्व्हनाइझ करून घ्या, वीस वर्षं पाहायचं काम नाही.’ दोन्ही चाकांची बेरिंग, सील, गॅल्व्हनाइझिंग, मजुरी मिळून बावीस हजार. बिल साध्या कागदावर.

ट्रॉली परत आली तेव्हा अशी चमकत होती की शेजारी विचारायला लागले, नवीन घेतली का.

पुढच्या सरावाला निघालो. कन्हान ओलांडलं आणि थोड्या वेळानं डाव्या चाकातून घरघर सुरू झाली. हबवर हात ठेवला तर चटका बसला. रांगत रांगत मनसर गाठलं. तिथे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्त करणारे एक म्हातारे मिस्त्री भेटले. त्यांनी आमच्यासमोरच चाक वर घेतलं, वर-खाली धरून हलवलं, मान डोलावली आणि हबवरची टोपी काढली. टोपीत लालभडक ताजं ग्रीस ठासून भरलेलं. स्प्लिट पिन काढली, कास्टल नट सैल केला, बाहेरचं बेरिंग हातात घेतलं. त्याच्या मागे जे होतं ते ताकासारखं पांढुरकं पाणी झालेलं जुनं ग्रीस. सील इतकं कडक झालेलं की ओठ बोटानं दाबला तर तुटून हातात आला.

‘हे कोनं भरलं जी?’ त्यांनी विचारलं. ‘बेरिंग बदललंच नाही भाऊ. फक्त टोपी भरली.’

त्यांनी फडक्यानं पुसून नंबर वाचायला दिला. आत ३०२०६, बाहेर ३०२०५. या जातीच्या बेरिंगात शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणलं की आतल्या भोकाचा व्यास मिळतो, म्हणजे आमचा एक्सल आत ३० मिलिमीटर आणि बाहेर २५. मी मोबाइलमधला तो फोटो उघडून मोठा केला. वर्तमानपत्रावरच्या बेरिंगवर कोरलेलं होतं ३२२०७. पस्तीस मिलिमीटरचं! आमच्या एक्सलवर ते कुठेच बसणार नाही. कुणाच्या तरी गाडीचं सडकं बेरिंग तो गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवतो, आणि चहाचा आग्रह त्यासाठीच.

गॅल्व्हनाइझिंगचा निकाल तिथेच लागला. मिस्त्रींनी चिंधीवर थिनर घेऊन फ्रेमवर दोनदा फिरवला, चिंधी चंदेरी झाली. सिल्वर पेंट. खरं हॉट डिप म्हणजे साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात अख्खा सांगाडा बुडवणं. ते थिनरनं निघत नाही आणि पाइपाच्या आतही बसतं. त्याहून सोपी खूण म्हणजे, दोन्ही टोकं बंद असलेल्या पाइपाला आधी भोकं पाडावीच लागतात, नाहीतर आत अडकलेली हवा आणि वाफ तो पाइप फोडते. आमच्या फ्रेमचे पाइप बंद आणि भोक एकही नाही. शिवाय प्लांटवाले किलोवर दर लावतात, तेव्हा काम झालं असेल तर वजनाची चिठ्ठी असतेच. ती मागा. मागितल्यावर समोरचा कसा बोलतो यावरूनच अर्धं कळतं.

नवं बेरिंग आता आम्ही स्वतः दुकानातून पक्क्या बिलावर आणतो. बाजारात नकली माल भरपूर आहे, आणि एसकेएफसारख्या कंपन्यांचं तपासणीचं अ‍ॅप आहे, ते वापरतो. बिलावरचा जीएसटी नंबर १५ अक्षरांचा हवा आणि महाराष्ट्राचा असेल तर २७ नं सुरू व्हायला हवा. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव दिसतं. हब उघडताना समोर उभं राहतो, जुना माल घरी आणतो. बेरिंग बसवताना चाक फिरवत नट आवळून मग थोडा मागे घेतला नाही, तर नवं बेरिंगही जळतं, म्हणून तेही पाहतो. प्रामाणिक मिस्त्रीला याचा राग येत नाही. मनसरच्या मिस्त्रींनी तर स्वतःच पिशवी मागून जुने कप-कोन बांधून दिले.

वाडीवाला आधी फोनच उचलेना. मग म्हणाला, ‘पोरानं केलं असेल, मला माहीत नाही.’ राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, फोटो जोडून स्पीड पोस्टानं नोटीस पाठवली, तेव्हा गॅल्व्हनाइझिंगचे बारा हजार गुपचूप परत केले. बेरिंगचे पैसे मात्र ‘घातलंच होतं’ म्हणून अडवून ठेवलेत. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे कागद तयार करायला घेतलेत. साध्या कागदावरचं का होईना, त्याच्या अक्षरातलं बिल आमच्याकडे आहे, आणि ३२२०७ चा फोटोही.