स्पीकरची तार भिंतीत जाण्याआधी खरवडून बघा

लातुरात घर बांधलं. हॉल, स्वयंपाकघर, दोन बेडरूम आणि गच्ची अशा पाच ठिकाणी एकाच ॲम्प्लिफायरवर गाणी वाजतील अशी सिस्टिम बसवून घेतली आणि त्यात माझ्या १,८२,७०० रुपयांची माती झाली. त्या माणसाचं नाव इथे लिहीत नाही, तक्रारीत लिहिणार आहे. पण त्याने काय केलं ते सगळं सांगतो.

माणूस पाहुण्यांच्या ओळखीतला. त्यांच्या घरचं काम चांगलं झालेलं मी कानांनी ऐकलं होतं, म्हणून विश्वास ठेवला. कोटेशन असं: पाच जोड्या स्पीकर ५७,५००, ॲम्प्लिफायर ४८,०००, खोल्या चालू-बंद करायचा सिलेक्टर १४,०००, शुद्ध तांब्याची १४ गेजची तार ३२० मीटर, ११० रुपये मीटरने ३५,२००, आणि मजुरी २८,०००. ‘पक्कं बिल केलं तर वर अठरा टक्के, म्हणजे ३२,८८६ रुपये लागतील, कशाला उगीच?’ असं तोच म्हणाला. घर बांधणाऱ्याला त्या वेळी एकेक हजार जड असतो. एक लाख मोबाईलवरून पाठवले, ८२,७०० रोख दिले.

आता ज्या गोष्टीने अजून झोप लागत नाही ती. झिऱ्या मारून पाइप टाकले होते, पोरं तार ओढत होती. खाली पडलेला एक तुकडा मी उचलला. बाहेरून तांबूस, पण पकडीने कापलेल्या टोकाला पांढरी चमक. मी विचारलं, ‘ही पांढरी कशी?’ तो म्हणाला, ‘साहेब, टिनचा मुलामा आहे, गंजू नये म्हणून.’ मुलामा दिलेली तांब्याची तार खरंच मिळते, त्यामुळे मला पटलं. पण मुलामा बाहेरून असतो! टिनची तार वरून पांढरी आणि आतून तांबडी असते. माझ्या हातातली नेमकी उलटी होती: आत ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा पातळ थर. तो तुकडा हातात धरून मी मान डोलावली, आणि दोन दिवसांत गवंड्याने भिंत बुजवली. पण वायरमन नसलेल्या माणसाला हे कुठून कळणार? वरून तर ती तांब्यासारखीच दिसते.

अशा तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तांब्यापेक्षा साधारण दीडपट. गच्चीपर्यंतची लांब लाइन म्हणूनच मरतुकडी वाजते. बंडल उचलून बघा, तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं.

दुसरी लबाडी सिलेक्टरची. आमच्या ॲम्प्लिफायरला प्रत्येक चॅनेलवर किमान ४ ओहमचा भार चालतो. ओहम जितके कमी, तितका ॲम्प्लिफायरवर ताण जास्त. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४, चार जोडले की २. म्हणून तर भार सांभाळणारा सिलेक्टर घ्यायचा, त्याचेच १४,००० मोजले. वास्तुशांतीला पाहुणे जमले, पाचही ठिकाणी भजन लावलं आणि मिनिटभरात ॲम्प्लिफायर प्रोटेक्शनमध्ये जाऊन, म्हणजे स्वतःला वाचवायला, बंद. आई सगळ्यांसमोर विचारत राहिली, काय झालं रे? नंतर दुसऱ्या मेकॅनिकने सिलेक्टरचा डबा उघडला तर आत नुसती बटणं आणि जोडतारा. सिलेक्टरचं मॉडेल कोटेशनवर लिहून घ्या, आणि सगळ्या खोल्या एकदम चालू करून तासभर वाजवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

त्याला फोन केला तर आधी ‘येतो’, मग ‘बाहेरगावी आहे’, मग नंबर ब्लॉक.

पोलीस ठाण्यात गेलो. ‘हा दिवाणी मामला आहे.’ तांबं म्हणून ॲल्युमिनियम विकणं ही फसवणूक नाही तर काय? अर्ज घ्या म्हटलं तर साहेब बंदोबस्तात, पोच द्या म्हटलं तर शिक्का कपाटात. शेवटी अंमलदार मलाच म्हणाला, ‘एवढे पैसे रोख देताना विचार करायचा ना.’ म्हणजे चोर बाजूला आणि झाडाझडती माझी! ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या एका कार्यालयात गेलो तर पक्कं बिल नाही म्हणून कागद हातात न घेताच परत केला. एक लाखाची बँकेतली नोंद आहे, त्याच्या अक्षरातलं कोटेशन आहे, मेसेज आहेत. हा पुरावा नाही का? वकिलांनी सांगितलं, चालतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. हे त्या खुर्चीतल्या माणसाला सांगता आलं नसतं? १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, हेही मला वकिलांकडूनच कळलं.

आणि एक, स्पीकरची तार आणि २३० व्होल्टची तार एकाच पाइपात टाकू देऊ नका. आमच्याकडे एका बेडरूममध्ये तसंच केलंय. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा व्हिडिओ काढा.

त्याच माणसाचं काम आमच्या मागच्या गल्लीत चालू असल्याचं कळलं. तिथे प्लास्टर व्हायचं आहे. मी जाऊन मालकांना ब्लेड दिलं, त्यांनी तार खरवडली, आत पांढरी निघाली. त्यांनी पुढचे पैसे थांबवलेत आणि तो तुकडा माझ्या तक्रारीला जोडायला दिलाय.